गाडी कुठवर आली? : ट्रक-वाहतुकीतील नोंदींचा आढावा

मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ मध्ये तिच्या शेजारी सुरू झालेले सीप्झचे निर्यात क्षेत्र आणि काही किलोमीटरांवरील सहारचे हवाई मालसंकुल यांच्यामुळे अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या या भागात मालवाहतुकीचा व्यवसाय दाट वस्तीला आला. येथून निघणाऱ्या मालाचे आकार आणि मुक्काम वेगवेगळे असतात. कुठे टेम्पोत मावणारी चार खोकी सहारला जायची असतात, कुठे अख्खी गाडी भरून भिवंडीच्या गोदामात, चाकणच्या कारखान्यात किंवा थेट नागपूरला धाडायची असते. मात्र ट्रान्सपोर्टवाल्याच्या कचेरीत दिवसभर सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे गाडी कुठवर आली. पूर्वी त्याचे उत्तर फोनवर ड्रायव्हरला विचारून रोजवहीत लिहिले जाई. आता ते संगणकाच्या पडद्यावर शोधले जाते. तेथे प्रत्येक ‘लोड’ची, म्हणजे एका गाडीने एका खेपेत न्यायच्या मालाची, एक ओळ असते आणि त्या ओळीत त्या क्षणीचे ‘स्टेटस’, म्हणजे खेपेची अवस्था, दाखवलेली असते.

गाडीचे ठिकाण आणि खेपेची अवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रणाली पहिलीलाच दुसरी समजून चालतात. ठिकाण म्हणजे नकाशावरचा बिंदू, आणि तो यंत्राला आपोआप कळतो. अवस्था बदलते तेव्हा मालाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, किंवा कोणाचा तरी पैशावरचा हक्क निर्माण होतो. बुकिंग झाले, गाडी लागली, माल भरला, गाडी सुटली, पोहोचली, खाली झाली, पोच आली, बिल गेले आणि बॅलन्स जमा झाला, या साखळीतील ‘सुटली’ आणि ‘पोहोचली’ या दोनच कड्या चाकांच्या हालचालीवरून ओळखता येतात. उरलेल्या साऱ्या कोणीतरी माणसाने सांगाव्या लागतात, आणि व्यवसायातील बहुतेक तंटे याच उरलेल्या कड्यांवरून होतात.

या साखळीला कायद्याचा आधार आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २००७ चा रस्ता-वाहतूक कायदा, ज्याची अंमलबजावणी २०११ मध्ये सुरू झाली, वाहतूकदाराने मालाची पावती द्यावी असे सांगतो. व्यवसायात तिलाच बिल्टी किंवा एलआर म्हणतात. माल पाठवणाराच गाडी भरणार असेल तर भरणे पूर्ण होताच, आणि इतर वेळी माल ताब्यात घेताच, ही पावती द्यावयाची असते, आणि नग व वजन यांचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती ग्राह्य धरली जाते. म्हणजे पडद्यावर ‘भरली’ अशी नोंद उमटते त्या क्षणाचे एक कायदेशीर प्रतिरूप कागदावरही असते. हरवलेल्या किंवा मोडलेल्या मालाबद्दल दावा लावण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे वरवर निरुपद्रवी दिसणारी बुकिंगची तारीखही आळसाने भरून चालत नाही.

मुंबईपुरते पाहिले तर २०१७ पर्यंत या साखळीत आणखी एक मोठी कडी होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथील जकात नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालाचे कागद तपासून कर भरावा लागे, आणि ‘नाक्यावर आहे’ हे उत्तर देणाऱ्यालाही ती गाडी मरोळला केव्हा पोहोचेल हे सांगता येत नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात संपली आणि ही कडी एका रात्रीत गळून पडली. तिच्या जागी तपासणीचे काम १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी सक्तीच्या झालेल्या ई-वे बिलाकडे आले. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवताना, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवताना, हे बिल काढावे लागते. त्याच्या पहिल्या भागात मालाचा तपशील असतो, दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर दुसरा भाग बदलावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी बिलाची मुदत आहे. त्याआधी ती दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. मरोळहून नागपूरचे अंतर ८०० किलोमीटरांहून थोडे अधिक धरले तर पाच दिवस मिळतात, आणि मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. चांगल्या प्रणालीने म्हणूनच खेपेच्या अवस्थेशेजारी ही उलटी मोजणी दाखवली पाहिजे, कारण मुदत संपलेली गाडी अडवली गेली की दंडाचा प्रश्न उभा राहतो आणि ड्रायव्हर रस्त्यावर अडकून पडतो.

ठिकाण कळण्याची साधने गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. स्वतःच्या गाड्या असलेला मालक जीपीएस बसवतो. परंतु मुंबईतील ट्रान्सपोर्टवाला बहुधा बाजारातून भाड्याने गाडी घेतो, ती एका खेपेपुरती त्याची असते आणि तिच्यातील यंत्र त्याच्या ताब्यात नसते. त्यामुळे सिमवर आधारित शोध रुजला. यात ड्रायव्हरने मोबाइलवर संमती दिली की टॉवरच्या आधारे त्याचे ढोबळ ठिकाण ठरावीक अंतराने कळत राहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून गाडीने टोलनाका ओलांडल्याची वेळही विश्वासार्ह नोंद म्हणून उपलब्ध झाली, आणि सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर पुढे आलेल्या युलिप या सरकारी माहिती-सेतूने फास्टॅग, वाहन-नोंदणी यांसारखे विखुरलेले साठे खासगी प्रणालींना जोडून घेण्याची सोय केली. न्हावाशेवाच्या बंदरात कंटेनरला आरएफआयडी टॅग लावून त्याचा माग ठेवण्याची व्यवस्था तर २०१६ पासूनच सुरू आहे.

अमेरिकेत हा प्रवास आधी झाला. क्वालकॉमने १९८८ मध्ये ओम्निट्रॅक्स ही उपग्रहाद्वारे ट्रकशी संदेश-देवाणघेवाण करणारी सेवा आणली. तेथील संगणकीय व्यापारी संदेशांच्या एक्स-१२ या मानकात २१४ क्रमांकाचा संदेश केवळ खेपेची अवस्था कळवण्यासाठी राखलेला आहे. भरण्याच्या जागी पोहोचली यासाठी एक संकेत, तेथून निघाली यासाठी दुसरा, उतरवण्याच्या जागी पोहोचली यासाठी तिसरा आणि उतरवणे पूर्ण झाले यासाठी चौथा, अशी त्यात विभागणी आहे. पोहोचणे आणि रिकामे होणे या दोन घटनांसाठी दोन संकेत ठेवण्यातला शहाणपणा आपल्याकडे अजून पुरेसा ओळखला गेलेला नाही.

आपल्या कित्येक कचेऱ्यांत ‘डिलिव्हर्ड’ ही एकच नोंद या दोन्ही घटना गिळून टाकते. गाडी गोदामाच्या दारात सकाळी आठला लागते. आत जागा नसते, हमालांची पाळी बदललेली असते, मालाच्या खरेदी-आदेशात चूक निघते, किंवा गर्दीच्या वेळी जड वाहनांना असलेल्या शहरबंदीमुळे गाडीला वेशीबाहेरच थांबावे लागते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी खाली होते. या थांब्यासाठी मिळणारी भरपाई म्हणजे हॉल्टिंग. ती मागायची तर गाडी केव्हा दारात लागली याचा पुरावा हवा. तो ड्रायव्हरपाशी नसतो आणि पडद्यावर एकच तारीख असते. उतरवणाऱ्यांना द्यायची वाराईही अनेकदा ड्रायव्हरच्या खिशातून जाते आणि हिशेबात उशिरा येते. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने नोंदणी, मजुरी आणि कल्याणाची चौकट दिली, हे महाराष्ट्राचे मोठे काम आहे. त्याच फलाटावर ताटकळणाऱ्या ड्रायव्हरच्या वेळेला मात्र तशी कोणतीही चौकट लाभलेली नाही.

पैशाचा दुसरा अडसर पोच हा आहे. भाड्याचा मोठा हिस्सा गाडी भरताना अॅडव्हान्स म्हणून मिळतो आणि उरलेला बॅलन्स, माल घेणाऱ्याच्या सही-शिक्क्याची बिल्टीची प्रत, म्हणजेच पोच, परत आल्यावर मिळतो. हा कागद ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, मग पुढच्या खेपेत, मग कुरिअरच्या पिशवीत फिरत राहतो. एकदोन गाड्यांच्या मालकाला याचा फटका सर्वाधिक बसतो, कारण गाडीचा हप्ता पोचेची वाट पाहत नाही. पोचेचे छायाचित्र जागेवरूनच प्रणालीत चढवण्याची सोय आता सर्रास मिळते, तरीही मूळ कागद हाती पडल्याशिवाय पैसे न सोडण्याची पार्ट्यांची सवय कायम आहे. नोंद डिजिटल झाली, पण तिच्यावरचा विश्वास अजून कागदाइतका झालेला नाही, आणि सुधारणेची खरी जागा येथेच आहे.

एक रकाना तर जवळजवळ कोणत्याच पडद्यावर दिसत नाही, आणि तो म्हणजे ड्रायव्हरच्या विश्रांतीचा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. अमेरिकेत ड्रायव्हरचे तास नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र २०१७ च्या अखेरीपासून सक्तीचे झाले. आपल्याकडे गाडी दीड तास एका जागी उभी राहिली की कचेरीत इशारा वाजतो आणि फोन जातो; झोपलेल्या माणसाला उठवणारा हा इशारा प्रणालीचा गुण म्हणून विकला जातो, ही चिंतेची बाब आहे. ‘विश्रांतीसाठी थांबली’ ही अवस्था अधिकृतपणे नोंदवता आली तर तो फोन जाणार नाही आणि अंदाजे पोहोचण्याची वेळही खरी दाखवता येईल.

हॉल्टिंगचा तंटा मिटवायलाही फार मोठ्या तंत्राची गरज नाही. गोदामाच्या फाटकावरील नोंदवहीत गाडी आल्याची वेळ आजही लिहिली जातेच. तीच वेळ ड्रायव्हरने छायाचित्रासह प्रणालीत घातली, माल घेणाऱ्याने ती ठरावीक मुदतीत मान्य किंवा अमान्य केली, आणि खाली होण्याच्या वेळेची स्वतंत्र नोंद झाली, तर हॉल्टिंगचा आकडा या दोन वेळांतून आपोआप निघतो. ही दोन रकान्यांची अट भाड्याच्या करारात घालण्याची ताकद एकट्या गाडीमालकाकडे नसते. ती मोठ्या प्रमाणावर माल पाठवणाऱ्या कंपन्यांकडे आणि वाहतूकदारांच्या संघटनांकडे आहे.