जुन्या वस्तूंचा संग्रह

जुनी खेळणी, घरगुती उपकरणे, नाणी, तिकिटे, दिवे इ. वापरातून गेलेल्या वस्तू आवडीने जमवून त्यांचे जतन करण्याचा छंद. वस्तूच्या किंमतीपेक्षा तिचा शोध, तिची पटलेली ओळख आणि तिच्यामागील जीवनाचा होणारा उलगडा यांतच संग्राहकाचा खरा आनंद असतो.

व्यवहार बदलला, की नित्याच्या वस्तू अडगळीत जातात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली व कालांतराने आणे, पै चलनातून गेले; पुढे मेट्रिक परिमाणांमुळे पायली, अधोली, चिपटे ही धान्याची मापे अधिकृत व्यवहारातून हद्दपार झाली. अशी तांब्यापितळेची कितीतरी मापे व भांडी मोडीत गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या (१९५१ पासून मध्य रेल्वे) काळापासून जंक्शन असलेल्या दौंडसारख्या गावाच्या स्मरणवस्तूंत पुठ्ठ्याची तिकिटे व हातकंदील यांना विशेष स्थान आहे.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या छंदाचे उत्तम उदाहरण होय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वज्री, कुलुपे, दौती, वाद्ये, बाहुल्या अशा हजारो वस्तू जमविल्या. अल्पवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले व १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

वस्तूचे मोल तिच्या स्थानावरही अवलंबून असते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८–८३ या काळात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत (इ. स. पू. सु. १६००–७००) उजेडात आणली. तेथे एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी, स्त्रीमूर्ती व बैल एकत्र पुरलेले आढळले. ते मूळ जागी मिळाल्यामुळेच ही उपास्य देवता असावी, असे अनुमान करता आले. एखाद्या हौशी व्यक्तीने बैल व मूर्ती वेगवेगळ्या उचलून नेल्या असत्या, तर त्या साधी खेळणीच ठरल्या असत्या.

म्हणूनच जमिनीखालील अवशेष स्वतः उकरणे हा संग्रह नव्हे, नाश होय. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तू व पंचाहत्तर वर्षांची हस्तलिखिते पुरावशेष मानली जातात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो व खाजगी निर्यातीस मनाई आहे.

घरातील अडकित्ता वा लाकडी बाहुली जपताना ती कोणाची, कोठली व कशी वापरली जाई, याची नोंद वडीलधाऱ्यांना विचारून वेळीच करावी. नोंदीवाचून वस्तू उरते. तिची कथा मात्र सांगणाऱ्याबरोबर संपते.