गायनपार्टीची जबानी

मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. परंतु त्याचा अंमल होण्यापूर्वीच मराठवाड्याच्या कित्येक गावांतून दलितांच्या वस्त्या पेटविण्यात आल्या, कुटुंबेच्या कुटुंबे परागंदा झाली, आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. नामांतराच्या या लढ्याचा राजकीय वृत्तान्त पुष्कळांनी लिहिला आहे. त्यातला शोक मात्र सांभाळला तो भीमगीते गाणाऱ्या गायनपार्ट्यांनी.

ही मंडळी ऐन वेळी उपजलेली नव्हती. तमाशाचा बाज घेऊन त्यातला शृंगार वगळणारे, आणि अस्पृश्यतेविरुद्ध रात्ररात्र जागविणारे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आधीच रुळले होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीस 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, ते त्याच परंपरेतून. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा पोरक्या झालेल्या समाजाचा आकांतही भीमगीतांतूनच बोलू लागला. आणि माझ्या मते तेथेच या गाण्याचा स्वभाव ठरला. ते रडते, पण फिर्याद गुदरल्यावाचून थांबत नाही.

सरकारी दप्तरात मेलेला मनुष्य 'मयत इसम' होतो. शाहीर त्याला नाव-गावासकट उभा करतो, मारणाऱ्यांना जाब विचारतो, आणि झीलकरी पालुपद उचलून धरतात, तेव्हा एकट्या घराचे सुतक साऱ्या वस्तीचे होते. या गाण्यांची चाल पुष्कळदा कव्वालीची, क्वचित एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीताची. यावर नाके मुरडणारे रसिक आहेत, पण ज्या गाण्याला पहिल्याच ऐकण्यात शेकडो कंठांतून उमटायचे आहे, त्याने ओळखीची चाल घेण्यात कसला कमीपणा?

शोकाची अशीच फिर्याद अमेरिकेतही गाण्यातून होत होती. 15 सप्टेंबर 1963 रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या, आणि त्या वर्षीच्या संतापातून गायिका नीना सिमोन हिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिले, ज्यात सांत्वनाचा सूर जवळजवळ नाहीच. मात्र तिकडच्या शोकगीताला चर्चच्या प्रार्थनासंगीताचा शतकभराचा आधार होता. इकडच्या शाहिरास देवाकडे गाऱ्हाणे नेण्याची सोयच उरलेली नव्हती, कारण 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेने देवकल्पनेलाच रजा दिली होती. म्हणून त्याची फिर्याद शासनाकडे, गावाकडे आणि श्रोत्यांकडे जाते.

25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले, आणि 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. यामुळे शाहिरांवर मोठा बाका प्रसंग आला: दिवस विजयाचा, आणि त्याची किंमत मोजणाऱ्याची राख अजून ताजी. आजही 14 जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जनसागर लोटतो. निळ्या झेंड्यांच्या गर्दीत पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात, आणि ढोलकीवाला कड्या सरकवून तिचा सूर लावीत असतो. जल्लोषाच्या गाण्यांमागून शहिदांचे गाणे येते, आणि ते लावण्यास गायकाला कोणाची फर्माईश लागत नाही.