ओकची छिद्रे आणि हाताला लागणारा गुळगुळीतपणा

ओकच्या रंधा मारलेल्या फळीवर बोट फिरवले की बारीक खाचा लागतात. कितीही घासले तरी त्या जात नाहीत, कारण ती लाकडाची रचनाच आहे. वसंतात वाढ सुरू होताच झाड पाणी वर नेण्यासाठी मोठ्या वाहिन्या घडवते. त्यांचा व्यास साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका असतो. फळी चिरली की त्या उघड्या पडतात. रेड ओकच्या वाहिन्या इतक्या मोकळ्या असतात की, छोट्या तुकड्याच्या एका टोकातून फुंकल्यास दुसरे टोक पाण्यात बुडबुडे सोडते. व्हाइट ओकच्या गाभ्यात त्या आतून बुजतात; म्हणून दारूची पिंपे त्याचीच करतात. पृष्ठभागावरच्या खाचा मात्र दोन्हींत राहतात.

वसंतातले लाकूड पोकळ आणि नंतर वाढलेले घट्ट असते. मऊ गादीने घासले तर पोकळ भाग अधिक झिजून लाटा उठतात, म्हणून सपाट भागावर काचकागद कठीण ठोकळ्याला लावून लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवावा. १०० नंबरापासून १२०, १५० करत १८०ला थांबणे बहुधा पुरते. फार बारीक घासलेले लाकूड रंग कमी धरते. पाण्याचे फिनिश द्यायचे असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून उभी राहिलेली लव वाळल्यावर हलकेच काढावी. छिद्रांतली धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी.

येथे स्टील वूल टाळणे फार महत्त्वाचे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते; ओलाव्यात लोखंडाशी संयोग होताच निळेकाळे डाग पडतात. युरोपात शतकानुशतके वापरलेली शाई ओकच्या गाठींतले टॅनिन आणि लोहक्षार यांच्या याच संयोगातून बनत असे. पडलेला डाग ऑक्झॅलिक आम्लाने उतरतो. हेच टॅनिन कामालाही येते: विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांच्या फर्निचरच्या कारखान्यात ओकला अमोनियाच्या वाफेने गडद तपकिरी रंग दिला जाई.

काचेसारखा सपाटपणा हवा असेल तर खाचा भराव्याच लागतात. प्रथम मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्यावा, म्हणजे भरणाचा रंग खाचांतच राहतो. मग सिलिकाची भुकटी असलेले भरण सायीइतके पातळ करून रेषेला आडवे दाबत लावावे. चकाकी जाऊन ते मंद दिसू लागले की जाड फडक्याने आडवेच पुसावे. उभे पुसल्यास खाचांतला माल बाहेर येतो. वाळताना भरण आकसते, त्यामुळे बहुतेकदा दुसरी फेरी लागते. पूर्ण वाळल्यावर वार्निश द्यावे आणि दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा कागद फिरवावा.

लिहिण्याच्या मेजाला हा खटाटोप शोभतो. खुर्ची, कपाट किंवा दाराला मात्र उघडी रेषाच अधिक देखणी. तिथे तेलाचा एक-दोन वेळा दिलेला हात पुरे. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नयेत. वाळताना तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.