वऱ्हाडातील पानपिंपळी : जुनाट वेदना, थकवा व पचनविकारांवरील उपचारपरंपरा आणि औषधांची परस्परक्रिया

प्रस्तावना

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा या तालुक्यांत पानपिंपळीचे पीक परंपरेने घेतले जाते. नागवेलीचे पानमळे जोपासणाऱ्या बारी समाजाने ते पिढ्यानपिढ्या सांभाळले. वेल नाजूक असते. तिला पांगरा, शेवगा, हादगा अशा झाडांचा आधार व सावली, निचऱ्याची जमीन आणि सततचा ओलावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात असे मळे उभे राहणे अवघड. डोंगरपायथ्याच्या गोड्या पाण्यावर ते उभे राहिले आणि हे पाणी खोल जाऊ लागले तसे मळेही अडचणीत आले. तुतीच्या फळासारखी दिसणारी छोटी कणसे हिरवट-काळी झाली की पूर्ण पिकण्यापूर्वी तोडून उन्हात वाळवतात. हीच बाजारातील पिंपळी.

पिकाची ही बाजू कृषी विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ती सेवन करणाऱ्याचा. सांधे वर्षानुवर्षे दुखतात, अंगात त्राण उरत नाही, साधे जेवणही पचत नाही, अशा तक्रारी घेऊन जगणारा मनुष्य एकाच वेळी डॉक्टरांच्या गोळ्या आणि घरची चूर्णे घेत असतो. या दोहोंची पोटात गाठ पडल्यावर काय घडते, याची विचारणा मात्र सहसा डॉक्टरही करीत नाहीत आणि वैद्यही करीत नाहीत.

एक द्रव्य, अनेक डब्या

पचनासाठी आपल्याकडे हिंग्वाष्टक चूर्ण घेतात. त्यात सुंठ, मिरी व पिंपळी हे तिन्ही घटक आहेत. सांधेदुखीसाठी योगराज गुग्गुळ दिला जातो. त्यातही पिंपळी आणि तिचे मूळ आहे. थकव्यासाठी च्यवनप्राश, त्यात पिंपळी. खोकला झाला तर सितोपलादी, त्यातही पिंपळी. बाळंतिणीच्या आहारात पिंपळमूळ असते आणि चौसष्ट प्रहरी पिंपळी तर नावानेच सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट प्रहर म्हणजे १९२ तास, आठ अहोरात्र खल. तीन तक्रारींवर तीन निरनिराळी औषधे चालू आहेत असे रुग्णास वाटते. प्रत्यक्षात तो एकच द्रव्य तीन डब्यांतून घेत असतो.

पिंपळी व मिरी यांना तिखटपणा देणारे मुख्य रसायन म्हणजे पायपेरिन. ते १८१९ मध्ये हान्स ख्रिस्तियान ओर्स्टेड यांनी मिऱ्यातून वेगळे केले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते, हे पुढच्याच वर्षी दाखविणारे ओर्स्टेड ते हेच. भौतिकशास्त्राच्या आपल्या सहकाऱ्यांस हे कदाचित नवे वाटेल.

योगवाही या संज्ञेचा अर्थ

आयुर्वेदात पिंपळीस योगवाही म्हटले आहे. ज्याच्या सोबत ती दिली जाते त्याचे गुण ती पुढे वाहून नेते, असा याचा स्थूल अर्थ. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७९ मध्ये याच संकल्पनेचा धागा पकडला. इतक्या विविध पाठांत त्रिकटू पुन्हा पुन्हा का येते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून पुढे आलेले उत्तर असे, की पायपेरिन इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. आतड्याच्या भिंतीतील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन अनेक औषधांना आत शिरताच परत बाहेर ढकलते. आतडे व यकृत यांतील सायटोक्रोम ३ए४ हे विकर त्यांचे विघटन करते. पायपेरिन या दोन्ही पहारेकऱ्यांना मंदावते, हे २००२ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले गेले.

या गुणाचा उपयोगही झाला. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणून तिला १० मिलिग्रॅम पायपेरिनची जोड देणारे औषध जम्मूच्या त्याच प्रयोगशाळेच्या संशोधनातून भारतीय बाजारात आले. हळदीचे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. बंगळूर येथील १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर कुरकुमिनची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा आकडा आज हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातींतून सर्वत्र भेटतो. नुसते कुरकुमिन घेतल्यास ते रक्तात जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे थोड्या वाढीचीही टक्केवारी प्रचंड दिसते, एवढे मात्र जाहिरातीत लिहिलेले नसते.

हळदीत तथ्य नाही असे येथे सुचवावयाचे नाही. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला आणि पोटाच्या तक्रारी त्याने कमी झाल्या. पिंपळीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. पायपेरिन दाहशामक असल्याचे पुरावे मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत.

धोका कोठे आहे

जे द्रव्य पहारेकऱ्याला झोपविते ते आत येणारा कोण आहे हे पाहत नाही. निरोगी स्वयंसेवकांना रोज २० मिलिग्रॅम पायपेरिन सात दिवस दिल्यावर अपस्मारावरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफिलिन आणि रक्तदाबावरील प्रोप्रानोलोल यांची रक्तातील पातळी वाढल्याचे १९८७ व १९९१ च्या अभ्यासांत दिसून आले. फेनिटॉइन व थिओफिलिन यांची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. नेहमीच्याच गोळ्यांनी अपस्माराच्या रुग्णास चालताना झोक जाऊ लागला, तर घरी नवे चूर्ण सुरू झाले आहे काय, ही चौकशी म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रत्येक वेळी पातळी वाढतेच असेही नाही. त्रिकटूसोबत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिले असता त्याची रक्तातील पातळी घटल्याचे सशांवरील एका अभ्यासात आढळले. ही बाब माणसांत सिद्ध झालेली नाही; परंतु जुनाट दुखण्याचा रुग्ण नेमकी हीच जोडी घेत असतो.

स्वयंपाकातील मिऱ्याची चिमूट आणि औषधी मात्रा यांत फरक केला पाहिजे. मिऱ्यात पायपेरिनचे प्रमाण पाच टक्के किंवा त्याहून अधिक असते. तीन ग्रॅम त्रिकटू घेतल्यास त्यातील एक ग्रॅम मिऱ्यातूनच ५० मिलिग्रॅमच्या आसपास पायपेरिन पोटात जाते, पिंपळीचा वाटा वेगळाच. वरील अभ्यासांतील मात्रा २० मिलिग्रॅमची होती. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य आपल्या प्राध्यापक कक्षातही ऐकू येते. हा हिशेब त्याला पुरेसे उत्तर आहे.

अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांची तपशीलवार नोंद झाली आहे. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली आणि तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपेरिन होते. संख्या लहान आहे, तिच्यावरून भय पसरविणे योग्य नव्हे; गूढ कावीळ झालेल्या रुग्णास हळदीच्या कॅप्सूलविषयी विचारावे, इतके मात्र त्यातून निश्चित निघते.

हा इशारा परकीय विज्ञानाने दिलेला आहे असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन द्रव्यांचे अतिसेवन टाळावे असे सांगितले आहे : पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी योगवाही आहे हे तेथेच मान्य करून ती सतत व अधिक घेतल्यास दोष साठतात असे बजावले आहे. परंपरेचा हवाला देणारे तिचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात, ही खेदाची बाब आहे.

थकव्याचे निदान

याहून मोठी हानी उशिराने होते. अमरावती जिल्ह्यात, विशेषतः मेळघाटातील आदिवासी समाजात आणि मैदानी भागातील काही समाजांतही, सिकलसेलचा आजार आढळतो. विदर्भातील त्याची नोंद १९५८ इतकी जुनी आहे. हाडे व सांधे यांच्या तीव्र वेदना, सततचा थकवा, पोटदुखी ही त्याची लक्षणे आणि ‘वात’ म्हणून घरोघरी ओळखली जाणारी लक्षणे यांत वरवर फरक दिसत नाही. तरुण मुलाच्या दुखण्यावर वर्षभर गुग्गुळ व तेल चालू राहते आणि विद्राव्यता चाचणी व त्यानंतरचे इलेक्ट्रोफोरेसिस या साध्या तपासण्या राहून जातात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्यात तरुण वयोगटाच्या तपासणीवर भर आहे. महाविद्यालयात हा वयोगट आपल्यासमोर रोज बसलेला असतो. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची आणि स्त्रियांत लोहाची कमतरता हीही थकव्याची नित्याची कारणे असून ती रक्ताच्या तपासणीतच कळतात.

वेष्टनावरील नावे

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांसोबत चूर्णाच्या डब्याही न्याव्यात, हा सल्ला सोपा आहे. अडचण अशी, की वेष्टनावर पिंपळी हे नाव बहुधा नसते. ती पिप्पली, कणा, मागधी, कृष्णा किंवा चपला या नावाने येते. कधी पायपर लाँगम असे वनस्पतिशास्त्रीय नाव बारीक अक्षरांत असते. त्रिकटू, व्योष किंवा त्र्यूषण असे लिहिले असेल तर सुंठ, मिरी व पिंपळी हे तिन्ही घटक एकत्र आहेत असे समजावे. पंचकोल असेल तर पिंपळी व पिंपळमूळ दोन्ही, आणि षडूषण असेल तर त्यात मिऱ्याची भर. अपस्मार, दमा, हृदयविकार किंवा क्षय यांवर औषधे चालू असणाऱ्याने यांपैकी कोणतेही नाव दिसल्यास ते चूर्ण नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे आणि जे पूर्वीपासून घेत आहेत त्यांनीही ते एकाएकी बंद न करता आधी सांगावे; कारण आधार निघाल्यावर मूळ औषधाची पातळी खाली येण्याचाही संभव असतो.