रोमन पंचांग आणि वसंताची चाहूल

लुपरकालिया (१५ फेब्रुवारी), पारिलिया (२१ एप्रिल), रोबिगालिया (२५ एप्रिल) या रोमन सणांना सर्रास ‘वसंतोत्सव’ म्हटले जाते. हे दिवस प्रथम नेमले गेले तेव्हा ते ऋतूशी जुळत असावेत, असे मानण्यास हरकत नाही. परंतु पुढेही ते तसेच जुळत राहिले, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

इ. स. पू. १९० मधील एका सूर्यग्रहणाची नोंद लिव्हीने केली आहे. रोमन पंचांगाप्रमाणे तो दिवस ११ जुलै (तत्कालीन क्विंतिलिस मास) होता. गणिताने मात्र ते ग्रहण ज्यूलियन १४ मार्चला येते. म्हणजे पंचांग ऋतूंच्या सुमारे चार महिने पुढे गेले होते! वर्ष ३५५ दिवसांचे. तूट अधिक मास घालून भरावयाची. आपल्या अधिक मासास गणिताचा नियम आहे. रोममध्ये तो घालणे पुरोहितमंडळाच्या हाती होते, आणि त्यांनी तो वेळोवेळी घातला नाही.

याचा परिणाम रोबिगालियात स्पष्ट दिसतो. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोबिगस या देवतेला कुत्र्याचा बळी देण्याचा हा विधी. प्लिनीच्या मते याच सुमारास पिकास तांबेऱ्याची बाधा होते. पण वरील हिशेबाने त्या वर्षी हा सण डिसेंबरच्या अखेरीस आला, म्हणजे गहू अजून कोवळ्या रोपांच्या अवस्थेत असताना. तरीही विधीचा दिवस बदलला गेल्याचे दिसत नाही. सबब, पंचांगातील दिवस हा सणाच्या मूळ प्रयोजनाचा पुरावा होय. प्रत्येक पिढीच्या आचाराचा नव्हे.

पेरणीचा सण मात्र चल होता. त्याचा दिवस दरवर्षी जाहीर होई. ओव्हिडने ‘फास्ति’मध्ये आपण पंचांग तीनचारदा चाळूनही तो सापडला नाही, असे मोठ्या गमतीने सांगितले आहे. शेतकऱ्याची खरी खूण वेगळीच होती: फाव्होनिउस हा पश्चिमेचा वारा. सीझरने इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करून गोंधळ निस्तरला. त्यानंतर लिहिणाऱ्या व्हॅरोच्या गणनेने वसंतारंभ ७ फेब्रुवारीस येतो, तर प्लिनी हा वारा ८ फेब्रुवारीच्या सुमारास सांगतो.

याच सुधारलेल्या पंचांगावर विसंबणारा ओव्हिडदेखील २४ फेब्रुवारीच्या नोंदीत पाकोळी दिसताच थबकतो. ही खरोखरच वसंताची दूती आहे काय, की थंडी पुन्हा परतेल, अशी शंका त्याला येते.