संख्यात्मक सामाजिक संशोधन

समाजातील घटनांचे मोजमाप करून आकड्यांच्या आधारे त्यांचे वर्णन व कारणमीमांसा करणाऱ्या पद्धतीस संख्यात्मक सामाजिक संशोधन असे म्हणतात. तिचे तात्त्विक मूळ प्रत्यक्षार्थवादात आहे. निसर्गाप्रमाणे समाजाचेही नियम असतात व ते निरीक्षणाने शोधता येतात, असे ऑगस्ट कॉम्त याने १९व्या शतकात मांडले. एमिल द्यूरकेम याने १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी कृतीचा अभ्यास आकडेवारीवरून करून दाखवला.

पिंपळे सौदागरचे सर्वेक्षण

महाराष्ट्रातील या पद्धतीचे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण आजच्या पिंपरी-चिंचवड शहरातच आढळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये, म्हणजे पेशवाईत, तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते; १८१८ मध्ये ते साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर उरले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह शेतीवर होई, २८ कुटुंबांना बाहेरच्या कमाईची जोड लागे आणि उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ बसत नसे.

तुकडे मोजता येतात; परंतु ‘निर्वाह’ मोजण्यापूर्वी त्याची व्याख्या करावी लागते. अशा व्याख्येस कार्यकारी व्याख्या म्हणतात. कुटुंबाच्या किमान गरजा भागवील ते धारणक्षेत्र किफायतशीर, असे मॅन व मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक कीटिंज मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मधील आपल्या निबंधात नेमक्या याच ठिकाणी आक्षेप घेतला. ही कसोटी उपभोगाची आहे, उत्पादनाची नव्हे. जमीन किफायतशीर आहे की नाही हे तिच्यावर लागणाऱ्या श्रम व भांडवलाच्या प्रमाणावर ठरते, निव्वळ एकरांवर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आकडे अचूक असूनही संकल्पना चुकीची मोजली जाऊ शकते, हा वैधतेचा प्रश्न होय. तीच मोजणी पुन्हा केल्यास तेच उत्तर येणे म्हणजे विश्वसनीयता. विद्यार्थ्यांची या दोहोंत नेहमी गल्लत होते. आंबेडकरांनी सुचवलेला मुख्य उपाय औद्योगिकीकरणाचा होता. पुढे याच परिसरात, पिंपरीपासून चाकण-महाळुंग्यापर्यंत, कारखाने उभे राहिले.

नंतरचा वाद

पुण्यातीलच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी घेऊन दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा निकष लावला. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, निरोगी माणसाची ऊर्जेची गरजही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी समजता येत नाही. याउलट मॅक्स वेबर याच्या परंपरेतील अभ्यासक मुळातच विचारतात की, भूक आकड्याने कळते की भुकेल्या माणसाच्या अनुभवातून. त्यामुळे पुष्कळ संशोधक आता सर्वेक्षणासोबत मुलाखतीही घेतात.