खोडदची जाळी, संगणकाची जाळी

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांपलीकडे अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, या एकूण ३० तबकड्या; प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. नीट पाहिलं की ध्यानात येतं, तबकडी भरीव नाहीच, तारांची जाळी आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्या वीसेक सेंटीमीटरपासून काही मीटरपर्यंत लांबीच्या. दोन सेंटीमीटरच्या भोकातून त्या निसटत नाहीत. वारा मात्र निसटतो. म्हणून तबकडी हलकी झाली, स्वस्तही झाली.

आता समजा, सोसाट्याच्या वाऱ्यात तिचा सांगाडा किती वाकेल हे संगणकावर तपासायचं आहे. त्यासाठी 'फायनाइट एलिमेंट' नावाची पद्धत आहे. अख्ख्या सांगाड्याचं गणित एकदम सुटत नाही, म्हणून कॅडवर काढलेल्या आकृतीचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येकाचं सोपं गणित मांडायचं आणि सगळी मिळून सोडवायची. तुकड्यांच्या या विणीलाही जाळीच म्हणतात, मेश. गंमत अशी की ही जाळी विणायची तर आधी तारांची जाळी चित्रातून पुसावी लागते!

का ते पाहा. तबकडीचं तोंड सुमारे १,६०० चौरस मीटर. जाळीचं भोक सगळीकडे २० मिलिमीटरचं धरलं तरी तार भरते जवळजवळ १६० किलोमीटर. मध्याकडे तर वीण आणखी दाट आहे. सेंटीमीटरचा एक तुकडा धरला तरी दीड कोटींवर तुकडे झाले, आणि आपल्याला उत्तर हवंय सांगाड्याचं. म्हणून तारा काढायच्या; त्यांचं वजन, त्यांचा ताण आणि त्यांच्यावरचा वाऱ्याचा दाब तेवढा सांगाड्यावर ठेवायचा. पोलादी नळ्यांच्या जागी नुसत्या रेषा चालतात.

पुसण्यापेक्षा जोडण्याचं काम किचकट. चित्रात दोन नळ्या भिडलेल्या दिसतात, पण टोकांमध्ये केसाएवढी फट असते. डोळ्याला ती दिसत नाही, संगणकाला दिसते. आंबेगावच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. डिंभे धरणाचा कालवा कितीही भरून वाहू दे, चारीचं तोंड त्याला भिडलेलं नसेल तर शेतात थेंब येत नाही. भाराचंही तसंच. कधी एकाच जागी दोन पृष्ठभाग एकावर एक बसलेले असतात, कधी सुईसारखा निमुळता तुकडा उरतो आणि त्याच्यापायी आजूबाजूची सगळी वीण बिघडते. हेही निस्तरावं लागतं.

मग सरसकट सगळं साफ करावं का? नाही. नावाच्या पाटीची भोकं खुशाल बुजवा. पण भार वाहणाऱ्या भागाच्या आतल्या कोपऱ्याला दिलेली गोलाई पुसली, तर तिथे टोकदार कोपरा उरतो. अशा कोपऱ्यात वीण जितकी बारीक कराल तितका ताणाचा आकडा वाढतच जातो, कुठे थांबत नाही. तडा बहुधा अशाच जागी सुरू होतो, आणि नेमकं तिथलंच उत्तर हातचं जातं. कवितेतला शब्द खोडताना मला हीच धास्ती असते. अर्थ कशावर टेकलाय हे आधी कळायला हवं. हा निर्णय यंत्रावर सोडू नये, असं माझं मत.

साफसफाई झाली की वाऱ्याआधी नुसतं वजन लावून पाहतात. पायथ्याशी उतरलेला भार एकूण वजनाशी जुळला नाही, तर पुसलेल्या कशाचं तरी वजन हिशेबातून सुटलेलं असतं. आणि एखादी नळी सुटीच राहिली असेल, तर पडद्यावर ती सांगाडा सोडून कुठल्या कुठे उडून जाते.